कॉफीत बुडवलेलं चीज

खंदकातून (जागेचं नाव लिहायला मनाई आहे)
१२ नोव्हेंबर १९१६

प्रिय ताई,

तुझं पार्सल कधीच पोचलं आणि मी आज लिहितोय. आधी कबूल करून टाकतो. रोज लिहायला बसायचो आणि रोज टाळायचो. पेन्सिल हरवली होती असं लिहिणार होतो, पण पेन्सिल कानामागेच होती. चिखल फार होता म्हणावं, तर इथे तो कधी नसतो? खरं कारण तुझं चीज आहे. त्याचं जे झालं ते तुला कोणत्या तोंडाने सांगावं तेच कळत नव्हतं. सांगतो. पण आधी छत्रीचं ऐक, नाहीतर ती राहून जाईल.

मागच्या पडक्या गावात आम्ही फळ्या आणायला गेलो होतो. तिथे एका घरात बायकी छत्री सापडली. दोन काड्या मोडलेल्या, कापड फाटलेलं. इतकी वर्षं गावोगाव छत्र्या दुरुस्त करत हिंडलेला माणूस मी, हात शिवशिवणारच. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून काड्या जोडल्या, शर्टाच्या शेपटाचं ठिगळ लावलं आणि कॉफीच्या चुलीवर उभी केली, म्हणजे पाऊस थेट कॉफीत पडायला नको. तिचा शेंडा खंदकाच्या वर थोडा दिसतो. दुसऱ्या दिवशी समोरच्या जर्मनांपैकी एकाने नेम धरून तिला भोक पाडलं. मी ठिगळ लावलं. त्याने पुन्हा भोक पाडलं. आता हे रोजचंच झालंय. मला कधीकधी वाटतं, त्यांच्यात एकजण असा आहे ज्याला माझा धंदा चालावा असं मनापासून वाटतं.

गंमत बघ, तू मला कायम म्हणायचीस, "फिर्म्या, तुझा एक ठावठिकाणा असू दे." आयुष्यात पहिल्यांदा मी एका जागी टिकलोय, तर तिचं नाव लिहायला बंदी.

हं, चीज. आमच्या तुकडीत रीत अशी की पार्सल कोणाचंही असो, ते फळीवर सगळ्यांसमोर उघडायचं. कॉर्पोरल फाब्र सुरी काढतो आणि वाटे करतो. तुझं चीज उघडल्यावर आपल्याकडची दोन पोरं नुसत्या वासाने गप्प झाली. एकाने तर टोपी काढली. सगळ्यांना वाटा मिळाला. आणि मग वातिएने त्याचा तुकडा उचलला, नीट बघितला आणि कॉफीत बुडवला.

पाव नाही गं. चीज. तुझं चीज. गरम कॉफीत. वर तेलाचे डोळे तरंगायला लागले आणि ते त्याने मिटक्या मारत खाल्लं.

हा ओनोरे वातिए पार उत्तरेकडचा, वयाने तुझ्याएवढा असेल, बोलायला कमी. आमची कॉफी तोच करतो. मी त्याच्या अंगावरच जाणार होतो, पण पुजोल म्हणाला, असं नाही, रीतसर होऊ दे. पुजोल लढाईआधी कोर्टात शिपाई होता, म्हणून न्यायाधीश तोच. वाळूच्या पोत्यावर बसला आणि खटला चालवला.

"आरोपी, तू चीज बुडवलंस?"

"बुडवलं."

"का?"

"कॉफी गरम होती."

"ते ज्या बाईंनी केलं त्यांना काय वाटेल याचा विचार केलास?"

"आमच्याकडे सगळे बुडवतात. तुम्ही कोरडं खाता म्हणून तुमची तोंडं अशी झालीत."

हे कोर्टाचा अपमान म्हणून नोंदवलं गेलं. शिक्षा अशी ठरली, की आरोपीने चीजच्या मालकिणीकडे स्वतः जाऊन माफी मागावी. वातिए म्हणाला, जाईन कधीतरी. आणि भांडी घासायला गेला.

एक राहिलं. त्याला स्वतःला पार्सल कधीच येत नाही. पत्रही नाही. डाक आली आणि सार्जंट नावं पुकारायला लागला की हा भिंतीकडे तोंड करून बसतो, पत्र्याच्या डब्यात कॉफीचे दाणे घालतो आणि बंदुकीच्या दस्त्याने कुटत राहतो. शेवटचं नाव होईपर्यंत मान वर करत नाही. म्हणून आमची कॉफी फार बारीक असते.

रागावू नकोस. माझ्यावर तर नकोच, मी फिर्यादी होतो.

तुझा
फिर्में


व्हेर्नोल
२६ नोव्हेंबर १९१६

फिर्में,

पत्र वाचलं आणि तशीच गोठ्यात जाऊन मार्कीझला सांगितलं. दूध तिचं होतं, तिला कळायला हवं. उन्हाळाभर डोंगरावरच्या झोपडीत राहून, दर दिवशी उलटंपालटं करून, मीठ चोळून मी चीजचं ते अख्खं चाक वाढवलं. कशासाठी, तर कोणीतरी ते काळ्या पाण्यात बुचकळावं म्हणून. लढाई चालू आहे म्हणजे माणसाने रीत सोडून खायचं असं कोणी सांगितलं?

सोबत दुसरा तुकडा पाठवते आहे. हा तीन उन्हाळ्यांपूर्वीचा आहे. शेजारच्या कुत्र्याने यावर दात टेकवून बघितले आणि आपण होऊन निघून गेला. त्या तुझ्या वातिएला म्हणावं, हे बुडवून दाखव.

छत्री आजच्या आज काढ. मी तुला एवढं मोठं केलं ते जर्मनांना नेमबाजी शिकवायला नाही.

इथे सगळं ठीक. गाडीचं डावं चाक अजून तसंच कुरकुरतंय, गावात सुतारच उरला नाही. डाकघरातली रुकेतबाई विचारत होती, तुझा भाऊ इतकं लांबलचक काय लिहितो. तिला पाकिटाच्या जाडीवरून माणसाची चाल कळते असं तिचं म्हणणं आहे.

मोज्यांचे दोन जोड आहेत. एक तुझा. दुसरा चुकून मोठा झाला, उसवायला वेळ नाही. कोणाला बसेल त्याला दे.

आणि पार्सल येत नाही म्हणजे काय? त्याला कोणी नाही का?

लेओनी


खंदकातून
११ डिसेंबर १९१६

प्रिय ताई,

या वेळी लगेच लिहितोय, लगेच म्हणजे माझ्या हिशेबाने.

तुझा दगड पोचला. फाब्रची सुरी त्यावरून घसरली आणि त्याच्याच अंगठ्यात गेली. लढाईतली त्याची ही पहिली जखम, आणि ती तुझ्या नावावर. पुजोल म्हणाला, हे खाऊ नका, पोत्यांच्या मध्ये लावा, गोळी अडवेल. शेवटी वातिएने आपला वाटा उकळत्या कॉफीत टाकला, वर डब्याचं झाकण ठेवलं आणि डोळे मिटून बसला. बराच वेळ बसला. मग झाकण काढलं, चमच्याने उचलून खाल्लं आणि म्हणाला, "या बाईंना चीज कळतं." तू हरलीस, ताई. आता आम्ही सगळेच तसं खातोय, कारण दुसऱ्या कोणत्याही प्रकारे ते खाता येत नाही. मी नाही हं. मी चोखतो.

मोजे त्याला बसले. चुकून मोठे झालेले मोजे इतके मापात बसतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

इथलं म्हणशील तर खणणं, पोती भरणं, पावसाने ती पडणं आणि पुन्हा भरणं. गोळ्यांपेक्षा फावड्याने जास्त मरायला होतं. परवा सूप आणायची पाळी माझी आणि पुजोलची होती. मागच्या दरीतून स्वयंपाकाच्या गाडीवरून सूप उचलायचं आणि नागमोडी खंदकातून आणायचं. पाव दोरीत ओवून गळ्यात घातलेले, दोन्ही हातांत डबे. वाटेत मला भिंतीत एक जुनी मडक्याची कड दिसली, फार सुंदर होती, निळी रेघ होती तिच्यावर. मी वाकून बघायला लागलो आणि मागून पुजोल माझ्यावर. सूप सगळं चिखलात. तुकडीने माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. वातिए तेवढा म्हणाला, "मडकं तरी आणलंस का?" नव्हतं आणलं. सूप सांडल्यावर विसरलो.

तू विचारलंस, त्याला कोणी नाही का. आहे ना. त्याचं गाव ग्रांव्हाल. आपल्याच देशात, पण जर्मनांच्या खंदकांच्या पलीकडे. लढाई सुरू होताच ते गाव त्यांच्या ताब्यात गेलं. इथून पत्र जात नाही, तिथून येत नाही. घरचे जिवंत आहेत का, तेही याला माहीत नाही. बाकीच्या आम्हाला समोर जर्मन दिसतात. त्याला त्यांच्यामागे स्वतःचं घर दिसतं.

आणि आता खरी गोष्ट, जिच्यासाठी एवढं लिहिलं. इथे रजा पाळीने मिळते. वातिएची पाळी दोनदा आली, दोन्ही वेळा त्याने दुसऱ्याला दिली. एकदा पुजोलला, त्याची आई आजारी होती म्हणून. आम्ही म्हटलं, भला माणूस. मग मला कळलं, तो जाणार कुठे? त्याच्यासारखे लोक रजेवर पॅरिसला जातात आणि स्टेशनजवळच्या कुठल्याशा हॉलमध्ये बाकावर बसून रजा संपवतात. त्यापेक्षा खंदक बरा, इथे निदान भांडायला माणसं आहेत, असं तो म्हणतो. पण अलीकडे तो भांडतही नाही. परवा डाक आली नव्हती तरी कुटत बसला होता.

ताई, पुढच्या पाळीला तो आपल्याकडे आला तर? माडीवर माझी खाट रिकामीच आहे. तो सुतार आहे, गाड्यांची चाकं करायचा. हे मी मुद्दाम शेवटी लिहिलंय.

तुझा
फिर्में


व्हेर्नोल
२३ डिसेंबर १९१६

फिर्में,

नाही.

मी एकटी बाई. परवा छपराची कौलं शाकारायला मी चढले आणि धाकटा मोरेल शिडी धरून उभा होता, तर रुकेतबाईने ते पुलापलीकडच्या गावापर्यंत पोचवलं. मोरेल सत्तर वर्षांचा आहे. त्याला धाकटा म्हणतात कारण थोरला अजून आहे. आणि तू म्हणतोस उत्तरेकडचा परका पुरुष माडीवर झोपवू. तुला काय, तू वाऱ्यावरचा. मला इथेच दूध विकायचं आहे.

चाकाचं आमिष दाखवून मला वळवता येईल असं वाटलं असेल तर मी तुझी मोठी बहीण आहे.

तरीपण माझं चीज कोणाच्या पोटात जातंय ते माहीत असावं, म्हणून विचारते. त्याचं लग्न झालंय का? बायकोचं नाव काय? पोरंबाळं? ते ग्रांव्हाल कुठल्या मोठ्या गावाजवळ आहे? बायको दिसायला कशी, उंच की ठेंगणी, ओळखायची काही खूण? नीट विचारून लिही. दुसऱ्याच विषयावर जाऊ नकोस.

नाताळचं म्हणून सुकवलेले पेअर ठेवलेत. ते कॉफीत बुडवायला माझी हरकत नाही.

लेओनी


खंदकातून
९ जानेवारी १९१७

प्रिय ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग एकट्याने वाचवेना म्हणून पुजोलला वाचून दाखवलं. ही चूक झाली.

आधी थंडीचं सांगतो. वाइन गोठली. पिंपातून निघेना, म्हणून पिंप फोडलं आणि कुऱ्हाडीने लाल बर्फाचे तुकडे केले. सूप आणायला जातात तशी माणसं पोती घेऊन वाइन आणायला गेली. प्रत्येकाला एक ढेकूळ. पुजोल ते गालात ठेवून पहाऱ्यावर उभा राहिला आणि सार्जंटने काही विचारलं तर त्याला बोलता येईना. सार्जंटला वाटलं दात सुजलाय, मागे औषधाला पाठवलं. तिथल्या डॉक्टरने तोंड उघडायला लावलं तोवर सगळं वितळून संपलं होतं. दातदुखी बरी झाली असा शेरा घेऊन परत आला.

छत्रीवर बर्फ साठलं. समोरच्या आपल्या मित्राने तिला गोळी घालणं बंद केलंय. पुजोल म्हणतो, त्याची बदली झाली असेल. मला जरा चुकल्यासारखं वाटतं.

आता तुझं. ताई, माझं ऐक. आई-बाबा गेल्यावर तू मला वाढवलंस, तुझ्या मनाप्रमाणे व्हावं असं मला वाटतंच. पण वातिएचं लग्न झालंय. मी तुला आधीच सांगायला हवं होतं. चुकून मोठे झालेले मोजे पाहिले तेव्हाच मला शंका आली होती, पण तू कधी कुणाकडे बघितलंच नाहीस, तर मी कशाला बोलू. पुजोलने आता सगळ्या तुकडीत पसरवलंय आणि ते मला वातिएचा मेहुणा म्हणतात. फाब्र म्हणाला, "मेहुण्याला सुपाचा घट्ट भाग द्या." मी घेतला, पण हसलो नाही.

तरी तू विचारलंस ते मी त्याला विचारलं. काय करणार, धाकट्याचा स्वभाव. तो कुटत होता. मी म्हटलं, "वातिए, तुझी बायको दिसायला कशी आहे?" दस्ता थांबला. मला वाटलं आता तोच माझ्या डोक्यात घालतो. मग बोलायला लागला आणि ताई, तो इतकं बोलू शकतो हे आम्हाला माहीत नव्हतं.

नाव झेली. उंच, त्याच्यापेक्षा बोटभर जास्तच, म्हणून लग्नात फोटो बसून काढला. उजव्या भुवईत पांढरी रेघ आहे, लहानपणी गोठलेल्या कालव्यावर आपटली होती. मुलगी मार्त. तो निघाला तेव्हा भिंत धरून चालायची. आता भिंत सोडली असेल, असं म्हणाला. ग्रांव्हाल कालव्याकाठी आहे, पूल ओलांडला की दुसरं गाव, त्याचं नाव पोंरूज, आणि तिथल्या लोकांना ग्रांव्हालचे लोक वेडे समजतात. तेही यांना.

हे सगळं सांगून झाल्यावर त्याने मला विचारलं, "कशाला विचारतोस?" मी म्हटलं, "सहजच." तर म्हणाला, "तुझ्या ताईला सांग, पेअर चांगले होते." आणि मला खरंच वाईट वाटलं. तुझ्यासाठी की त्याच्यासाठी, तेच कळेना.

मनाला लावून घेऊ नकोस. पुजोलचं लग्न झालेलं नाही, पण त्याच्याबद्दल मी काही लिहीत नाही.

तुझा
फिर्में


व्हेर्नोल
२८ जानेवारी १९१७

फिर्म्या, मूर्खा,

तू समोर असतास तर दुधाची बादली डोक्यावर उपडी केली असती. मी एका माणसाच्या बायकोची खूण विचारते आणि तुला त्यात सनई ऐकू येते. बिनभिंतीच्या शाळेत हिंडत वाढलास त्याचा हा परिणाम. तुझ्या तुकडीला सांग, मेहुणा वगैरे काही नाही, आणि सुपाचा घट्ट भाग परत कर.

आता नीट वाच. त्याला पाठव. पुढची पाळी येईल तेव्हा पाठव, आणि या वेळी त्याने ती कुणाला दिली तर चीज बंद, सगळ्यांचंच.

गावाच्या तोंडाचं काय, म्हणशील. त्याची सोय मी केली आहे. माझ्या घरात आता एक म्हातारी राहते. फिलोमेन तिचं नाव. तिच्या देखरेखीखाली रुकेतबाईची स्वतःचीसुद्धा बदनामी होणार नाही, मग माझी कशी होईल. म्हातारी कोण, कुठून आणली, हे विचारू नकोस. तुला सांगितलं की तू पुजोलला वाचून दाखवणार.

वातिएला यातलं काही बोलू नकोस. फक्त चाकाचं सांग. कुरकुर फार वाढली आहे.

लेओनी


खंदकातून
१६ फेब्रुवारी १९१७

प्रिय ताई,

गेला. वातिए गेला. तुला हे पत्र आधी मिळेल की तो, माहीत नाही. बहुतेक तोच.

सोपं नव्हतं. पाळी आली तर म्हणाला, "फाब्रला द्या, त्याच्या शेतात काम आहे." फाब्र म्हणाला, "माझं शेत बर्फाखाली आहे, मी काय त्याला पांघरूण घालू?" मी चाकाचं सांगितलं. तो म्हणाला, चाक कुरकुरतंय म्हणजे फिरतंय, राहू दे. मी म्हटलं, चीज बंद होईल. तर म्हणाला, चीज नसलं तरी तुम्ही खाता येईल असं काही शोधून काढाल. ऐकेचना. असं कसं कुणाच्या घरात शिरायचं, त्यांच्या टेबलापाशी बसून आपलं टेबल आठवत. हे शेवटचं तो हळू म्हणाला, मला ऐकू गेलं.

मग पुजोल उठला आणि पोत्यावर जाऊन बसला. "कोर्ट बसलं आहे," म्हणाला. "टोप्या काढा." आम्ही लोखंडी टोप्या काढल्या. समोर जर्मन, आणि आमची सगळी तुकडी बोडकी.

"आरोपी वातिए, गेल्या नोव्हेंबरात तुला शिक्षा झाली होती. आठवते?"

"आठवते."

"भोगलीस?"

"अजून नाही."

"म्हणजे तू फरारी आहेस. फरारी माणसाला इथे काय करतात ते सार्जंटना विचारू का?"

सार्जंट मागे उभाच होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "चीजच्या मामल्यात मी पडत नाही. पण शिक्षा म्हणजे शिक्षा." आणि रजेचा कागद वातिएच्या खिशात खुपसला.

तर तो माफी मागायला येतो आहे. खरोखरच मागेल, त्याने वाक्य घोकलंय. पुजोलने बॉम्बच्या टोकाच्या अल्युमिनियमची अंगठी घासून दिली आहे, ती तुझ्यासाठी आहे म्हणाला. ती तू घालू नकोस, किंवा घाल, मला विचारून काय उपयोग.

निघताना वातिएने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "फिर्में, तुमच्या गावात डाक कधी येते?"

मी म्हटलं, "दुपारी. डाकवाल्याची खेचराची गाडी असते, थेट अंगणात येते."

"मग तुझ्या ताईला लिही, दुपारी मला काहीतरी काम देत जा."

मी म्हटलं, घरात कॉफीची गिरणी आहे, भिंतीला ठोकलेली, दांडा फिरवायची. त्याचं तोंड जरा खुललं. तेवढं कर, ताई. डाकेच्या वेळी दाणे काढून ठेव.

इथे आता कॉफी मी कुटतो. जाडीभरडी होते. सगळे शिव्या देतात. कुटताना लक्षात आलं, त्या आवाजात नावं खरंच ऐकू येत नाहीत. माझं पुकारलं तेही ऐकू आलं नाही, पुजोलने खांदा हलवला.

तुझा
फिर्में


व्हेर्नोल
२४ फेब्रुवारी १९१७

फिर्में,

स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. तुझा वातिए पोचून चार दिवस झाले. आला तो दारातच टोपी काढून उभा राहिला आणि घोकलेलं वाक्य म्हणाला, "बाई, मी तुमच्या चीजचा गुन्हेगार आहे." मी म्हटलं, बूट काढा आधी, घर आत्ताच पुसलंय. माफीचं नंतर बघू. चाक त्याने दुसऱ्याच दिवशी बसवलं. तो म्हणतो जुन्या चाकाचा कणा तिरपा होता आणि ते करणारा माणूस प्यायलेला असणार. ते बाबांनी केलं होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

आता तुला सगळं सांगते. आता सांगायला हरकत नाही, हे पत्र पोचेपर्यंत जे व्हायचं ते झालेलं असेल.

तू ग्रांव्हालबद्दल लिहिलंस तेव्हाच इथे ऐकू येत होतं, की जर्मन लोक तिकडच्या बायका-पोरांना आणि म्हाताऱ्यांना स्वित्झर्लंडमार्गे इकडे सोडताहेत, आणि त्यांच्या गाड्या आपल्याकडे ओरियाक शहरातही येतात. म्हणून मी खुणा विचारल्या. तुझं उत्तर आलं आणि मी मोरेलच्या गाडीतून ओरियाक गाठलं. स्टेशनच्या हॉलमध्ये ती माणसं बसलेली, गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या, हातात गाठोडी. मी मोठ्याने विचारलं, ग्रांव्हालचं कोणी आहे का? कोणी उत्तर देईना. मग माझं लक्ष एका म्हातारीकडे गेलं. कॉफी पीत होती, आणि चीजचा तुकडा तिने कॉफीत बुडवला.

मला वाटलं, सापडली. ही त्याचीच आई. मी जाऊन तिचे हात धरले, म्हटलं, तुम्ही वातिएच्या आई ना? ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिचं गाठोडं चोरायला आले आहे. तेवढ्यात मी मान वर केली. फिर्म्या, अख्खा हॉल बुडवत होता. म्हाताऱ्या, पोरी, एक पाद्री. मी आपली मधोमध उभी, तिचे हात धरून.

हीच फिलोमेन. ती वातिएची कोणीच नाही. पण सोडवेना म्हणून घेऊन आले. घरी येऊन तिने पहिल्यांदा माझ्या कॉफीला नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी माझ्या पलंगाला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मी पोंरूजची, आणि ग्रांव्हालच्या लोकांबद्दल मला विचारू नका, सगळे वेडे. मी म्हटलं, त्यातली झेली नावाची एक उंच बाई, भुवईत पांढरी रेघ? तर म्हणे, ती ना, आमच्याच गाडीत होती, सरहद्दीवर पोरीला गोवर निघाला म्हणून दोघींना उतरवून ठेवलं. हे ती मला तीन दिवसांनी सांगते. का, तर मी विचारलं नव्हतं.

मी त्याच दिवशी सरहद्दीवर झेलीच्या नावाने तार केली. आपला पत्ता कळवला, इथे या म्हटलं. उत्तर नाही. दुसरी केली. उत्तर नाही. गोवरात काय होतं ते मला माहीत आहे, आपल्या घरातही होऊन गेलंय. म्हणून वातिए आल्यावर मी आणि फिलोमेनने ठरवलं, गप्प बसायचं. खोटी आशा दाखवून माणसाला पुन्हा खंदकात पाठवणं मला जमणार नाही. फिलोमेनला गप्प बसायचा फार त्रास होतो. ती दिवसभर त्याच्याशी कालव्याच्या कोणत्या काठाचे लोक जास्त वेडे यावर भांडते. तो खूश असतो. परवा त्याची रजा संपते.

आत्ता दुपार आहे. दोघं टेबलाशी बसून बुडवत होते. मी पण एक तुकडा बुडवून बघितला, फिर्म्या. हे तू कोणालाही वाचून दाखवायचं नाहीस.

डाकवाल्याच्या गाडीची घंटा चढावर ऐकू आली तसा वातिए उठला आणि गिरणीचा दांडा फिरवायला लागला. दाणे मी काढूनच ठेवले होते. रोज असंच चालतं. दाराकडे पाठ, मान खाली, घरभर घरघर, आणि तारेचं उत्तर नाही हा रुकेतबाईचा निरोप मी डाकवाल्याकडून अंगणातच ऐकून घेते.

गाडी अंगणात आली आहे. खिडकीतून दिसते. डाकवाल्याच्या शेजारी कोणीतरी बसलंय. उंच बाई आहे, खाली उतरायला तिला फळीचीसुद्धा गरज पडली नाही. आता ती मागून एका पोरीला उतरवते आहे. पोर पायांवर उभी राहिली, कशाला न धरता. बाईने डोक्यावरची शाल मागे सारली.

फिलोमेन एकाच पायात लाकडी बूट घालून बाहेर पळाली.

वातिए फिरवतोच आहे. त्याला काही ऐकू आलेलं नाही. मी उठते, गिरणीवरचा त्याचा हात थांबवायला हवा, आणि वाडगे काढायला हवेत. घरात तीनच आहेत आणि आता सगळेच बुडवणार.

लेओनी